पाठमोरी

मेट्रनबाईंच्या खोलीतून बाहेर पडताना माझी टाच दाराशी उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या चाकाला लागली आणि वरच्या तामचिनीच्या वाट्या खणखणत खाली आल्या. एक घरंगळत थेट जिन्यापर्यंत गेली. कुमुद तिथेच होती. कुमुद म्हणजे माझ्या खोलीतली, माझ्याच तुकडीत मिडवाइफची परीक्षा पास झालेली मालवणकडची मुलगी. तिने वाटी उचलून दिली आणि हसत विचारलं, मी अशी मागे मागे काय चालते, गाभाऱ्यातून निघाल्यासारखी. मीही हसले. हसता हसता माझ्या लक्षात आलं की ती खरंच विचारतेय, चिडवायला नाही. म्हणजे तिने हे आधीही पाहिलं असणार. इथे मुंबईच्या इस्पितळात लागून मला दोन वर्षं होत आली. या खोलीत येणंजाणं रोजचं. आणि इतक्या दिवसांत मी बाईंना एकदाही पाठ दाखवलेली नव्हती. आत जायचं, टेबलासमोर उभं राहायचं, ऐकायचं, "हो बाई" म्हणायचं आणि तशीच मागे मागे सरकत, हाताने दार चाचपत बाहेर यायचं. मला कुणी शिकवलं नव्हतं. पायांना येत होतं.

आजही मी "हो बाई" म्हणूनच आले होते. बाईंचं म्हणणं असं की रविवारी त्यांच्या दादरच्या घरी यावं. दिवाळीची आवराआवर आहे, माळा झाडायचाय, पितळेची भांडी काढायची आहेत. फराळाला घरच्या बायका आहेत, त्याची काळजी नको. हे सगळं त्या फार गोड बोलल्या. त्या गोडच बोलतात, आणि थंडीत त्यांनी मला त्यांची जुनी शाल दिली होती, तीही चांगली. बोलता बोलता म्हणाल्या, "तुम्हा लोकांचं मला हेच आवडतं बघ गौरा, कामाचा कंटाळा नाही." आणि मग, मी दिवाळीला गावी जायची सुटी मागितली होती ना, ते रविवारनंतर बघू. गेल्या दिवाळीलाही मी त्यांचा माळा झाडला होता. कुमुदला कधी बोलावलं नाही. ती कोळिष्टकं पाहिली की शिंकते, असं मी स्वतःला समजावलं होतं. आज कुमुदला हे सांगितलं तर तिचं मत वेगळं होतं. बाईंची तुझ्यावर मर्जी आहे, ती म्हणाली. मर्जी हा शब्द कानात पडला आणि मी वाटी हातात घेऊन जिन्यातच उभी राहिले. किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्या वाडीत तो असाच यायचा, शेटच्या माणसाच्या तोंडून, गवत कापायच्या दिवसांत.

ते दिवसही हेच. आश्विन संपत आलेला. खोडाळ्याच्या बाजूला आमची वाडी आहे, चार घरं इथे, चार टेकाडापलीकडे. या दिवसांत तिथे सकाळी धुकं असतं आणि धुक्यात पिकलेल्या भाताचा वास असतो. हा वास मुंबईत मी कधी कुणाला समजावून सांगू शकले नाही. कुमुदला सांगायला गेले तर ती म्हणाली, पेजेसारखा ना? पेजेसारखा नाही. पेज शिजते. हा वास अजून मातीत पाय असलेला. नागली तेव्हा काढून झालेली असते, तिची कणसं ओट्यावर पसरलेली असतात, आय ती उन्हाप्रमाणे सरकवत असते, कोंबड्यांना शिव्या देत. इथे वॉर्डात फिनेलच्या वासात उभी असताना कधी कधी एकदम तो वास येतो आणि हातातलं बाळ घट्ट धरावं लागतं. भात पिकलं की दोनचार दिवसांत कापायला हवं, नाहीतर दाणा गळतो. शेटचं, म्हणजे त्या सगळ्या डोंगराच्या मालकाचं, गवतही नेमकं तेव्हाच पिकायचं. मैलोन् मैल गवत, डोंगराच्या उतारावर, माणसाच्या छातीएवढं. ते कापायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायच्या, आणि ते सगळं वेठीने. वेठ म्हणजे बोलावलं की जायचं. का, कशासाठी, असं विचारायचं नाही. शेटचं गवत सुकून गंजीला लागेपर्यंत आमचं भात शेतात गळून चिमण्यांनी खाल्लेलं असायचं. मीही विळा धरून जायची. चौथीपर्यंत शिकले होते, वाडीत तेवढी शिकलेली मी एकटीच, पण गवत चौथी विचारत नव्हतं.

आणि काम झालं की शेटच्या कोठीवर जायचं. ओट्यावर शेट झोपाळ्यात. आम्ही खाली अंगणात. शेट म्हणणार, जा. मग सगळ्यांनी मागे मागे सरकत जायचं, फाटकाबाहेर पडेपर्यंत. शेटला पाठ दाखवायची नाही. म्हातारे काय, पोटुशा बाया काय, डोक्यावर भारा असलेले काय, सगळे मागे मागे. मला आठवतं त्या अंगणातल्या प्रत्येक धोंड्याची आमच्या टाचांना ओळख होती. कुणी पडत नसे. फाटकातून उलटं बाहेर पडण्यात आम्ही इतके तरबेज झालो होतो की ते चालणं आहे असंही कुणाला वाटत नसे. वाटायला वेगळं काही पाहिलेलं असावं लागतं.

पाहिलं ते सुकऱ्यामामाने. माझा मामा. तो डहाणूकडे गवताच्या वखारीवर कामाला गेला होता, तिकडे लोकांनी वेठ बंद केली ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि परत आला तो वेगळाच होऊन. डोक्याला लाल फडकं, बोलणं मोठ्याने. त्याच उन्हाळ्यात संस्थान गेलं. जव्हारचं राज्य विलीन झालं, आता सगळं मुंबई सरकारचं, असं बाजारातून कळलं होतं. पण आम्हाला त्याचं एवढंच दिसलं की खोडाळ्याच्या चौकीवरचा शिपाई नवी टोपी घालून बसला. शेट तोच, गवत तेच. मामा म्हणाला, कायदा आता आपल्या बाजूचा आहे. माणूस माणसासारखा. वेठीला नाही म्हणायचं. आमच्या वाडीचा कारभारी देवजी, थोराड आणि शांत माणूस, बराच वेळ विडी ओढत बसला. मग म्हणाला, नाही म्हणणं तर म्हणू. पण म्हटल्यावर परत कसं यायचं? नाही म्हणून पुन्हा मागे मागे सरकत यायचं, तर त्या नाहीला काय अर्थ. हे सगळ्यांना एकदम कळलं.

मग आम्ही सराव केला. आज सांगताना मला हसू येतं, आणि तेव्हाही आलं होतं. कापणीआधी शेणाने सारवून तयार केलेलं खळं, तिन्हीसांजेचा उजेड, आणि मधे उखळ पालथं घालून त्यावर शेट म्हणून देवजी बसलेला. अंगावर आयचं लुगडं पांघरलेलं, कारण शेट शाल घ्यायचा. एकेकाने पुढे यायचं, "आमी नाय येणार" म्हणायचं, आणि वळून चालत जायचं. पहिल्यांदा माझी मावशी सोमी गेली आणि वळताना तिला इतकं हसू फुटलं की ती खाली बसली. मग मामा गेला, ताठ. मग इतर. देवजीला शेट होण्यात मजा वाटायला लागली, तो शेटसारखा घसा खाकरू लागला. आणि तो खाकरला की वळलेला माणूस पुन्हा त्याच्याकडे तोंड करी. देवजी तो, आमचाच, अंगावर आयचं लुगडं, तरी. पोरं लोळत होती हसून. माझा बा मात्र एकदाही पुढे आला नाही. तो खळ्याच्या कडेला बसून त्याच्या तारप्याच्या भोपळ्याला मेण लावत होता. माझा बा, लक्ष्या, वाडीतला तारपा वाजवणारा. बाकी कशातच त्याला कुणी धरत नसे आणि त्यालाही कशात पडायचं नसे. तो भित्रा होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आय तर त्याला समोरच म्हणायची, याला पालीचं भ्याव वाटतं. ती संध्याकाळ मला आयुष्यभर पुरेल. नंतर मी पुष्कळ शिकले, जव्हारला मुलींच्या वसतिगृहात राहिले, सातवी झाले, मुंबईला आले, सिनेमा पाहिला, समुद्र पाहिला. पण इतके सगळे मिळून, इतके घाबरलेले आणि इतके हसत, असे लोक मला पुन्हा कुठे दिसले नाहीत. इथे मी एकटी घाबरते आणि हसायला दुसरं कुणी लागतं.

शेटचा सांगावा आला तेव्हा त्यात तारप्यालाही बोलावणं होतं. दिवाळी जवळ होती, कोठीच्या अंगणात नाच व्हायचा, तीही वेठच. म्हणून बा तारपा घेऊन आला. सगळी वाडी निघाली. बाया पुढे, हा मामाचा बेत. मी आयच्या शेजारी होते. अंगणात उभे राहिलो. शेट झोपाळ्यात होता, पायाने हलकेच झोका घेत. देवजी पुढे झाला आणि त्याने ते म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"शेट, आमी यंदा गवताला नाय येणार. आमचा भात पिकलाय."

शेटने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मामाने आम्हाला त्याच्यासाठी तयार केलं होतं. शेटने झोका थांबवला, आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, आणि साधेपणाने म्हणाला, "झालं सांगून? जा मग."

जा. आणि आमचे पाय मागे सरकले. सगळ्यांचे. मामाचेसुद्धा. मला अजून तो आवाज ऐकू येतो, इतक्या पायांचा एकदम मागे घासत गेल्याचा. माझी स्वतःची टाच मागचा धोंडा ओळखून बाजूला झाली ते मला कळलं, आणि मी तिला थांबवू शकले नाही. शेट हसला. मोठ्याने नाही, मिशीतल्या मिशीत. त्याला माहीत होतं. उद्या सकाळी आम्ही विळे घेऊन उतारावर असणार हे त्यालाही कळलं आणि आम्हालाही. देवजीची मान खाली गेली. भात गेलं, असं आय माझ्या शेजारी पुटपुटली.

आणि मागून, फाटकाकडून, तारपा वाजला.

ज्याने तो कधी ऐकला नाही त्याला काय सांगू. तो सुरू होताना आधी नुसता श्वास ऐकू येतो, भोपळ्यात वारा शिरल्यासारखा, आणि मग सूर धरतो आणि तुटत नाही. वाजवणारा गाल फुगवून वारा साठवून ठेवतो, एकीकडे सोडतो, एकीकडे घेतो. आणि आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत. नाचात तो जिकडे वळेल तिकडे सगळ्यांनी तोंड करायचं, रांग त्याच्यामागून वळत जाते, लहान पोर चालायला लागतं तेव्हा त्याला हेच पहिलं शिकवतात. शेट आमच्या आज्याच्या काळात आला असेल. तारपा कधी आला ते कुणाला ठाऊक नाही. आय आधी वळली. मग सोमी मावशी, मग मी. मी वळले असं मला वाटलंच नाही, तारपा तिकडे होता म्हणून तोंड तिकडे गेलं. सगळे वळले. एकमेकांच्या कमरेला हात पडले, रांग झाली, पाय उचलले, आणि आम्ही शेटकडे पाठी करून फाटकातून बाहेर पडलो. मागून शेट काहीतरी ओरडला, आता मात्र ओरडला, पण तारप्यात ते नीट ऐकू आलं नाही. वाडीपर्यंत तसेच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विळे घेऊन आमच्या भातात उतरलो. पुढे बराच त्रास झाला, दुकानात मीठ मिळेना, मामाला चौकीवर बसवून ठेवलं, पण त्या वर्षी आमचं भात वेळेवर खळ्यात आलं, आणि गवताला नंतर शेटला मजुरी ठरवून माणसं बोलवावी लागली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. बा आमच्याकडे तोंड करून वाजवत होता. म्हणजे आम्ही शेटला पाठ करून चालत होतो आणि बा आमच्यापुढे, शेटकडे तोंड करून, मागे मागे. फाटकापासून वळणापर्यंत. मधे बांधावरून घसरला, ढोपर फुटलं, तरी सूर तुटू दिला नाही. त्या दिवशी शेटला पाठ न दाखवता परतलेला वाडीतला एकटा माणूस म्हणजे माझा बा. पुढे लोक त्याची फार वाहवा करायचे, लक्ष्याने काय डोकं चालवलं म्हणून. तो ओशाळायचा. आय म्हणायची, कसलं डोकं, हा पळायला म्हणून फाटकाशी गेला होता. एकदा मी जव्हारहून सुटीत आले असताना त्याला एकट्याला गाठून विचारलं. तो कुडाला टेकून बसला होता. 

"माना भ्याव वाटला गं," तो म्हणाला. "भ्याव वाटला का मी वाजवतां. दुसरा माना काय येतंय?"

नंतर मतदान झालं, पहिलं. तेव्हा खोडाळ्याच्या शाळेत पुरुषांच्या रांगेत बा उभा राहिला आणि त्याच्या नेमका पुढे शेट. शेट आधी आला होता म्हणून पुढे, बस. पुढे सरकत सरकत जाईपर्यंत बाने शेटची पाठ पाहिली. घरी येऊन तो तेच सांगत बसला. बोटावरची शाई दाखवायचं राहिलंच. शेटच्या सदऱ्याला मागून, खांद्याखाली, ठिगळ होतं म्हणे. नीट शिवलेलं, पण ठिगळच. त्याला पाठ आहे, बा म्हणाला, आपल्यासारखीच. हे त्याने पुढची कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. आय कंटाळून उठून जायची.

आता त्याचा दम गेलाय. मागच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं. आत तारपा सुरू होण्याआधीचा तो नुसता श्वास होता, वारा शिरल्यासारखा, आणि पुढे सूर धरतच नव्हता. मी नर्स आहे, मला कळायचं ते कळलं. गेल्या आठवड्यात सुकऱ्यामामा इथे भेटायला आला, जिन्यात उभा राहून सांगून गेला की बा रोज विचारतो, गौरा दिवाळीला येणार ना. म्हणून मी सुटी मागितली होती. त्या सुटीसाठीच आज "हो बाई" तोंडातून निघालं, नाहीतर निघालं नसतं, असं मला म्हणायचं होतं. पण ते खरं नाही. सुटी नसती तरी निघालं असतं. मी तीच परीक्षा पास झालेय जी कुमुद झाली, तोच पांढरा पोशाख घालते, माझ्या हातून कितीतरी बाळं या जगात आली, सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर कुमुदच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. आणि बाईंनी जा म्हटलं की माझी टाच धोंडा शोधते. मला एकदम घरची इतकी आठवण आली की जिन्यातच डोळे भरून आले. ती वाडी, ती रांग, कमरेला पडलेले हात. इथे माझ्या कमरेला कुणाचा हात आहे?

कुमुद म्हणाली, काय झालं, चल, जेवणाची वेळ होतेय. मी वाटी तिच्या हातात दिली आणि परत वळून दारावर टकटक केलं. बाईंनी मान वर केली. टेबलासमोर उभी राहिले. आपला आवाजही देवजीसारखा बारीक निघणार याची खात्री होती, आणि तसाच निघाला.

"बाई, मी रविवारी येणार नाही. घरकामाला मी येणार नाही."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टाक खाली ठेवला, चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, खऱ्याच दुखावलेल्या वाटल्या. मी तुला घरच्यासारखी मानत होते, म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या की दिवाळीत वॉर्डात माणसं कमी आहेत, सुटीचं यंदा काही जमेलसं दिसत नाही. हे मला आत येतानाच माहीत होतं. तरी बा कुडाला टेकून वाटेकडे बघत बसलाय हे मला दिसलं, अगदी स्पष्ट. दिवाळीनंतर तो असेल की नाही, मला सांगता येत नव्हतं.

"बरं, जा," बाई म्हणाल्या.

माझी उजवी टाच उचलली गेली, मागे जायला. मी ती तशीच धरून ठेवली. इथे फाटक नव्हतं, फाटकाशी कुणी नव्हतं. माझ्या पाठीमागे नुसतं दार होतं. पण बा असता तर तो तिथेच असता, दाराशी, पळायला सर्वांत जवळ पडेल तिथे, गाल फुगवून, डोळे विस्फारून, माझ्याइतकाच घाबरलेला. मी त्याच्याकडे तोंड केलं.

बाईंच्या खोलीतून बाहेर पडताना समोर काय दिसतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. दाराच्या नेमकी समोर एक मोठी खिडकी आहे. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, तिथे दोऱ्यांवर बाळंतिणींच्या चादरी वाळत घातलेल्या होत्या आणि वाऱ्याने एका बाजूला फुगल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत चालत गेले. पाठीवर बाईंची नजर होती. कापणीच्या दिवसांत पाठीला ऊन लागतं तशी ती लागत होती. कुमुद ट्रॉली बाजूला घेऊन उभी होती. ती म्हणाली, चल लवकर, भात गार होतोय.